अपुरी पेटी पूर्ण करावी की तशीच जपावी? (जुने सुऱ्या आणि काटे-चमच्यांचे संच)

निळी मखमल

नमस्कार. जुन्या सुऱ्या आणि काटे-चमच्यांचे पेटीबंद संच जमवणाऱ्या सभासदांचा सल्ला हवा आहे. पुण्याच्या कॅम्पातील एक कुटुंब घर बदलत असताना त्यांच्याकडून मी सहा माणसांची एक पेटी विकत घेतली. अशा पेटीत सहसा ४४ नग असतात: जेवणाच्या आणि डेझर्टच्या सुऱ्या, त्याच दोन मापांचे काटे, सूपचे, डेझर्टचे आणि चहाचे चमचे हे सगळे सहा-सहा, शिवाय वाढण्याचे दोन मोठे चमचे. माझ्या पेटीत जेवणाच्या दोन सुऱ्या आणि चहाचा एक चमचा नाही. काटे-चमच्यांच्या पाठीवर लहान लहान चौकटींत ई, पी, एन, एस अशी अक्षरे आहेत. सुऱ्यांच्या पात्यांवर शेफील्डचे नाव आहे, पण "स्टेनलेस" हा शब्द कुठेही नाही आणि पाती करडी पडलेली आहेत. मुठी पिवळसर पांढऱ्या असून विकणाऱ्यांनी त्या हाडाच्या असल्याचे सांगितले.

माझे मत असे की पेटी उघडल्यावर रिकाम्या खाचाच आधी डोळ्यांत भरतात, म्हणून तीन नग बाहेरून मिळवून ती पूर्ण करावी. घरातल्या काहींचे म्हणणे आहे की जे आहे ते तसेच जपावे. काही काट्यांच्या दातांवरचा मुलामा गेला आहे, तोही पुन्हा चढवावा का? आपण काय केले असते?

मुठेकाठी

पेटी पूर्ण करावी असेच मी म्हणेन, मात्र "साधारण तसाच दिसणारा" नग घेऊन नव्हे. ओल्ड इंग्लिश, फिडल, किंग्ज, रॅटटेल हे काटे-चमच्यांचे घाट कुणा एका कारखान्याचे नाहीत. शेफील्ड आणि बर्मिंगहॅममधल्या कितीतरी कारखान्यांनी ते वर्षानुवर्षे बनवले, आणि कारखान्यागणिक दांड्याची जाडी, खांद्याचा उतार आणि टोकाची गोलाई थोडीथोडी बदलते. दुकानात एकसारखे वाटणारे दोन चमचे पेटीत शेजारी ठेवले की लगेच वेगळे दिसतात. तेव्हा आपल्याकडच्या चमच्याची बाह्यरेषा पातळ पुठ्ठ्यावर काढून तो पुठ्ठा कापून जवळ ठेवा, चमच्याचे वजन लिहून ठेवा आणि पाठीवरच्या शिक्क्यांचे स्वच्छ छायाचित्र मोबाइलमध्ये असू द्या.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तेथे सुटे काटे-चमचे पोत्यावर ढिगाने ओतलेले असतात. ढिगात हात घालण्याआधी विक्रेत्याला विचारा, कारण एकाच घरातून आलेले नग त्याने कधीकधी दोरीने बांधून मागे ठेवलेले असतात आणि विचारल्याशिवाय ते पुढे येत नाहीत. चमचा हातात आला की उन्हात धरून दांड्याच्या टोकावर तोंडाची वाफ सोडा. कुणाची आद्याक्षरे घासून काढलेली असतील तर वाफेच्या धुक्यात ती क्षणभर उमटतात. घासलेल्या जागी मुलामा पातळ झालेला असतो, त्यामुळे असा नग शक्यतो सोडून द्यावा.

गारपीर

मी या मताशी सहमत नाही, आणि माझा विरोध तत्त्वाचा आहे. पूर्ण संचापेक्षा सुटे नग विकून व्यापाऱ्याला अधिक पैसे मिळतात, म्हणून चांगल्या पेट्या फोडल्या जातात. पेटी दागिन्यांसाठी एका गिऱ्हाइकाकडे जाते, मांस कापायची सुरी आणि काटा उपाहारगृहाच्या भिंतीवर लावण्यासाठी दुसऱ्याकडे, आणि उरलेले चमचे किलोवर विकले जातात. आपण जो सुटा चमचा घेतो तो कुणाच्या तरी पेटीतून निघालेला असतो. अपुरी पेटी ही एका घराची वापरलेली वस्तू आहे, आणि दोन सुऱ्या हरवल्या ही त्या घरात घडलेली गोष्ट आहे. ती झाकण्याचे कारण मला दिसत नाही.

मुठेकाठी

गारपीर, पेट्या फोडल्या जातात हे खरे आहे आणि त्याचे मलाही वाईट वाटते. परंतु ई.पी.एन.एस.चा, म्हणजे इलेक्ट्रोप्लेटेड निकल सिल्व्हरचा, सुटा चमचा आपण घेतला नाही म्हणून तो मूळ पेटीत परत जात नाही. तो भंगारात जातो. या धातूला निकल सिल्व्हर म्हणत असले तरी त्यात चांदी नसते; तांबे, जस्त आणि निकल यांचा तो मिश्रधातू असतो आणि त्यावर विजेच्या साहाय्याने चांदीचा पातळ थर दिलेला असतो. वितळवणाऱ्याला त्याची किंमत नाही आणि भांडीवाल्यालाही नाही. त्याची कदर असलीच तर आपल्यासारख्यांना आहे.

धातुविचार

पेटीच्या काळाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण काय शोधायचे ते त्यावर ठरेल.

चांदीचा मुलामा दोन प्रकारचा असतो. पहिला शेफील्डच्या थॉमस बोल्सोव्हरने १७४३ च्या सुमारास शोधलेला: तांब्याच्या लादीवर चांदीचा पत्रा तापवून जोडायचा आणि मग दोन्ही एकत्र लाटायचे. दुसरा विजेचा, ज्याचे पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन घराण्याने १८४० मध्ये घेतले. ई.पी.एन.एस. या खुणेतली पहिली दोन अक्षरे विजेच्या मुलाम्याचीच आहेत, त्यामुळे आपली पेटी १८४० नंतरची आहे हे निश्चित. अक्षरे मुद्दाम वेगवेगळ्या चौकटींत ठोकण्याची पद्धत खऱ्या चांदीच्या हॉलमार्कसारखे दिसावे म्हणून रूढ झाली, आणि नवख्या ग्राहकाची आजही तेथेच फसगत होते. इंग्लंडमधल्या ९२५ शुद्धतेच्या चांदीवर एक पाय उचलून चालणारा सिंह असतो, त्याच्या जोडीला गावाची खूण, वर्षाचे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे असतात. बर्मिंगहॅमची खूण जहाजाचा नांगर, तर शेफील्डची १९७४ पर्यंत मुकुट आणि त्यानंतर गुलाब. सिंह नसेल तर विक्रेता काहीही सांगो, तो नग विलायती चांदीचा म्हणून घेऊ नये.

आता पात्याकडे येऊ. हॅरी ब्रिअर्ली १९१३ मध्ये शेफील्डच्या प्रयोगशाळेत बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होता. सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचे ते पोलाद आम्लाला दाद देत नाही हे लक्षात आल्यावर तेथल्याच एका सुऱ्यांच्या कारखान्यात त्याची पाती घडवली गेली. मग महायुद्ध आले आणि टेबलावरच्या सुऱ्यांपर्यंत हे पोलाद सर्रास पोहोचायला युद्धानंतरचा काळ उजाडला. म्हणून पात्यावर "स्टेनलेस" कोरलेले असेल तर ती सुरी १९१३ च्या आधीची असूच शकत नाही. उलट विधान मात्र करता येत नाही: साध्या पोलादाची पाती त्यानंतरही काही काळ बनत होती, त्यामुळे शब्द नाही म्हणून सुरी त्याआधीची असे धरू नये.

जोसेफ रॉजर्स या घराण्याच्या सुऱ्यांवर एक आणखी सोय असते. तारा आणि माल्टाचा क्रूस ही त्यांची खूण, आणि त्यासोबत बहुधा त्या काळच्या राजा-राणीची आद्याक्षरे. व्ही.आर. असेल तर १८३७ ते १९०१, ई.आर. असेल तर १९०१ ते १९१०. आपल्या पात्यांवर अशी अक्षरे आहेत का, ते पाहून सांगावे.

सुहासिनी

आमच्या घरी अशाच पेटीबरोबर मासे खायच्या सुऱ्या-काट्यांची वेगळी लांबट पेटी आहे. त्या सुऱ्यांना धार नाही, पाती बोथट, रुंद, एका बाजूला खाच असलेली आणि वेलबुट्टीने कोरलेली, शिवाय पोलादाची नव्हे तर मुलाम्याची. या वेगळ्या संचाची गरज का पडली, हे मला धातुविचार यांच्या लिखाणावरून आता नीट कळले. माशावर लिंबू पिळतात, आणि साध्या पोलादाला लिंबू लागले की पाते काळे पडते आणि घासाला लोखंडाची चव येते. फळांच्या सुऱ्या चांदीच्या किंवा मुलाम्याच्या आणि मुठी शिंपल्याच्या असत त्याचेही कारण हेच असावे ना?

धातुविचार

होय, कारण तेच. आपल्याकडे कोकम, चिंच आणि लिंबू रोजच्या स्वयंपाकात असल्यामुळे जुन्या विळीचे पाते कसे काळवंडते ते प्रत्येकाने पाहिलेले आहे. इंग्रज घरात सुऱ्या पुन्हा पांढऱ्या करायला रोज एमरीच्या भुकटीने घासत. एकोणिसाव्या शतकात तर त्यासाठी लाकडी पिंपासारखी हाताने फिरवायची यंत्रे निघाली, ज्यांच्या भोकांत सुऱ्या खोचून दांडा फिरवला की आतले कुंचले आणि चामडे पाती घासत. वर्षानुवर्षे अशी घासणी झालेली सुरी मध्यभागी बारीक आणि टोकाला लवचीक झालेली असते. जोडीला घेण्याची सुरी निवडताना हे ध्यानात असू द्या. आपल्या चार सुऱ्या झिजलेल्या असतील तर त्यांच्यामध्ये कोरी करकरीत सुरी उपरी दिसेल.

रेल्वेप्रेमी

माझा संग्रह फक्त रेल्वेच्या काटे-चमच्यांचा आहे, पण काळ ठरवण्याची हीच रीत तेथेही लागू पडते. जुन्या बाजारात अजून अधूनमधून जी.आय.पी. असे कोरलेले जाड चमचे दिसतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मध्य रेल्वे झाली ती ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, त्यामुळे ही अक्षरे असलेला नग त्याआधीचा. हे चमचे घरगुती चमच्यांपेक्षा वजनदार असतात, कारण ते रोज शेकडो हातांतून जाणार आणि धावत्या गाडीत आदळणार हे गृहीत धरलेले असते. १९३० मध्ये सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला आजही खानपानाचा डबा आहे. त्या डब्यात बसून जेवणाऱ्या पुणेकरांना अशा जड काट्याचे आकर्षण का वाटते, हे समजावून सांगावे लागणार नाही.

मात्र संस्थेची खूण असलेली वस्तू घेताना ती विकणाऱ्याकडे कशी आली हे विचारून घ्यावे. लष्करी मेस, क्लब आणि रेल्वे यांचे जुने सामान रीतसर लिलावात निघते, तशीच त्यांच्या वस्तूंची चोरीही होते. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून मी घेत नाही.

शुक्रवारकर

सर्वांची माहिती उत्तम आहे, परंतु एक प्रश्न मनापासून विचारतो. पुण्यात राहून आपण शेफील्डच्या पेट्या का जमवाव्यात? दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास संग्रहाला सुरुवात केली तेव्हा अडकित्ते, दिवे, पानपुडे, विळ्या या आपल्याच घरांतल्या वस्तू लोक मोडीत घालत होते. त्यांनी त्या वेचून आणल्या नसत्या तर आज शुक्रवार पेठेतल्या संग्रहालयात अडकित्त्यांसमोर आपण थबकून उभे राहिलो नसतो. घोड्याच्या, पोपटाच्या, स्त्री-पुरुषाच्या आकृतीचे ते अडकित्ते पाहिले की सुपारी कातरण्याच्या दोन पात्यांवर कारागिराने केवढा जीव लावला ते कळते. पानाचे तबक हादेखील अनेक नगांचा संचच आहे: अडकित्ता, चुनाळे, कातडबी, लवंग-वेलदोड्याच्या डब्या. तोही असाच फुटून विखुरला जातो आहे. आधी तो वाचवावा, असे मला वाटते.

निळी मखमल

शुक्रवारकर, आपला प्रश्न रास्त आहे आणि केळकर संग्रहालयातील अडकित्त्यांबद्दल आपण लिहिले ते शब्दशः पटले. परंतु कॅम्पही पुण्यातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तेथे छावणी आहे, तेथल्या पारशी, ख्रिस्ती, बोहरी आणि लष्करी कुटुंबांच्या टेबलांवर या पेट्या कित्येक पिढ्या उघडल्या गेल्या. सुरी शेफील्डची असली तरी ती झिजली ती पुण्यात. ती मी परकी मानू शकत नाही.

कसब्यातला

हजामाच्या धोकटीला विसरू नये! वस्तरे, कात्री, चामड्याचा पट्टा, दगड आणि पाण्याची वाटी, असा तोही पात्यांचा संचच असे. माझ्याकडे विलायती वस्तऱ्यांची सात खणांची एक पेटी आहे. प्रत्येक वस्तऱ्याच्या पाठीवर आठवड्याच्या एकेका वाराचे नाव कोरलेले आहे. रोज एक वापरला की बाकीच्यांच्या धारेला विसावा मिळतो, अशी त्यामागची समजूत. माझ्या पेटीत गुरुवार नाही. निळी मखमल यांच्या पेटीत बाहेरची सुरी खपेल, पण माझ्याकडे दुसऱ्या पेटीतला गुरुवार आणून बसवायचा तर कोरणीचे अक्षरही जुळायला हवे, म्हणून मी ती जागा रिकामी ठेवली आहे. पाहणारे सगळे पहिल्यांदा तिच्याबद्दलच विचारतात आणि मग उरलेले सहा वस्तरे नीट पाहतात.

वनवाटा

मूळ प्रश्नात एक गोष्ट सर्वांच्या नजरेतून सुटली आहे. मुठी कशाच्या आहेत हे आधी ठरवा. त्या हस्तिदंताच्या असतील तर प्रश्न हौसेचा राहत नाही, कायद्याचा होतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली हस्तिदंताच्या वस्तूंची खरेदी-विक्री बंद आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हत्तीच्या दातालाही तोच नियम लागू झाला. वस्तू जुनी आहे, आजोबांची आहे किंवा विलायतेहून आलेली आहे या सबबी चालत नाहीत. सांबरशिंगाच्या मुठींनाही हा कायदा लागू होतो, आणि मांस कापायच्या जुन्या सुऱ्यांना अशा मुठी फार असतात. जुन्या बाजारात त्या उघड्यावर विकायला दिसतात म्हणून त्या घेणे कायदेशीर ठरत नाही. पेटीबाबत शंका राहिली तर वनखात्याच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारणे हाच सरळ मार्ग.

ओळखायचे असे: मुठीचे बूड, म्हणजे पात्याच्या विरुद्ध टोकाची सपाट बाजू, भिंगाखाली पाहा. हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडात बारीक काळपट ठिपके किंवा तुटक रेघा दिसतात, कारण हाडात रक्तवाहिन्यांची छिद्रे असतात. सेल्युलॉइडच्या नकली मुठीवर लांबीच्या दिशेने अगदी समांतर, सरळ, यंत्राने आखल्यासारख्या रेषा असतात. अंगठ्याने जोरात चोळून लगेच वास घेतला तर सेल्युलॉइडला कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला काही जण देतात, तो कृपया ऐकू नये. सेल्युलॉइड भडकन पेट घेते.

मुठेकाठी

वनवाटा यांचे म्हणणे सर्वांत आधी यायला हवे होते. बुडाचे छायाचित्र येथे द्यावे.

आरती_सहकारनगर

मला एक वेगळी शंका आहे. मांस कापायच्या सुऱ्या चांगल्या लांब असतात. अशी जुनी सुरी घरात ठेवायला परवाना लागतो का?

वनवाटा

शस्त्रास्त्रविषयक नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, परंतु घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत. मांस कापायची सुरी तिच्या काट्यासह आणि धार लावायच्या पोलादी कांडीसह पेटीत असेल तर तिचा उपयोग कुणालाही दिसतो. खंजीर किंवा शिकारी सुरे हा वेगळा विषय आहे, आणि सुटी लांब सुरी पिशवीत घेऊन गर्दीत हिंडणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नव्हे. बाजारातून घरी आणताना ती पुठ्ठ्यात गुंडाळून बांधून आणावी.

तांबट आळीशेजारी

मुलामा पुन्हा चढवण्याबद्दल कुणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. आमच्या शेजारी तांब्या-पितळेचे काम चालते. तेथे अनेक जण काटे-चमचे घेऊन येतात आणि कल्हई करून मागतात. कल्हई कथलाची असते, तिचा चांदीशी संबंध नाही, आणि मुलाम्याच्या चमच्याला ती कधीही करू नये. चांदीचा मुलामा देणारे कारागीर सोन्या मारुती चौकाच्या परिसरात चौकशी केल्यास मिळतात.

तरीही माझा सल्ला घाई न करण्याचा आहे. नवा मुलामा चढवण्याआधी नग चाकावर घासून गुळगुळीत करतात, आणि त्या घासणीत कोरीव कडा बोथट होतात, शिक्के पुसट होतात, काट्याचे आधीच झिजलेले दात आणखी बारीक होतात. धातुविचार यांनी काळ ठरवण्याच्या ज्या खुणा सांगितल्या, त्या सगळ्या या चाकावर जाऊ शकतात. मुलामा कुठे गेला आहे ते पाहा. चमच्याच्या खोलगट भागाची पाठ जेथे टेबलावर टेकते तेथे आणि काट्याच्या दातांच्या टोकांना तो आधी जातो, कारण वापर तेथेच होतो. तेवढाच पिवळसर धातू दिसत असेल तर तो तसाच राहू द्यावा. सगळा नग डागाळलेला असेल आणि तुम्ही त्यावर जेवणार असाल तरच मुलाम्याचा विचार करावा, आणि तोही शिक्क्यांची जागा झाकून घासायला सांगून, समोर उभे राहून.

सुहासिनी

चांदी काळी पडल्यावर ॲल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांचा उपाय सगळीकडे सांगतात. तो करावा का?

धातुविचार

रसायन खरे आहे. काळेपणा हा चांदी आणि गंधक यांच्या संयोगाने होतो. ॲल्युमिनियम ते गंधक ओढून घेते आणि चांदी जागच्या जागी राहते. घासण्याने जसा थर झिजतो तसा येथे झिजत नाही. पण दोन ठिकाणी हा उपाय टाळा. कोरीव नक्षीच्या खोबणीत मुद्दाम ठेवलेली काळी छटा त्याने निघून जाते आणि नक्षी सपाट दिसू लागते. आणि पोकळ मुठीची सुरी गरम पाण्यात मुळीच बुडवू नये. मुलाम्याच्या किंवा चांदीच्या पोकळ मुठीत राळ भरलेली असते आणि पात्याचे शेपूट त्या राळेतच रुतवलेले असते. राळ नरम झाली की पाते डुलू लागते, आणि आत शिरलेल्या पाण्याने शेपूट गंजून फुगले की मुठीला उभी चीर जाते. जुन्या बाजारातल्या चिरलेल्या मुठी बहुतेक अशाच फुटलेल्या असतात. भांडी धुण्याच्या यंत्राचे नावही काढू नये.

गृहिणी_कोथरूड

पावसाळ्यात काय करता? आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटाला बुरशी येते.

मुठेकाठी

साध्या पोलादाची पाती कोरड्या कापडाने पुसून त्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवावा, आणि जेवायला काढण्यापूर्वी साबणाने धुवावीत. करडी छटा तशीच राहू द्यावी, तीच पात्याला थोडे संरक्षण देते. लाल-तपकिरी ठिपका दिसला तर मात्र तो गंज आहे, तेवढाच तेल लावून बारीक पोलादी काथ्याने हलक्या हाताने काढावा. सुऱ्या-काटे रबराच्या बंधाने बांधू नयेत, रबरातल्या गंधकाने चांदीवर काळी रेघ पडते. वर्तमानपत्रातही गुंडाळू नयेत. धुऊन मऊ झालेले सुती मलमल सर्वांत चांगले. मीठ आणि अंडे लागलेला चमचा रात्रभर तसाच राहू देऊ नये. मिठाने मुलाम्याला बारीक खड्डे पडतात आणि ते कशानेही भरून येत नाहीत.

धारेबद्दलही सांगतो. दारावर येणाऱ्या शिकलगाराकडे टेबलावरच्या जुन्या सुऱ्या देऊ नयेत. त्याचे चाक विळी-कात्रीसाठी योग्य आहे. या सुऱ्यांवर ते कारखान्याच्या नावापर्यंतचे पोलाद खाऊन टाकते, आणि शिजलेले अन्न कापायला एवढ्या धारेची गरजही नसते.

निळी मखमल

सर्वांचे आभार. भिंगाखाली मुठी पाहिल्या. बुडावर जाळी नाही, ठिपकेही नाहीत. लांबीच्या दिशेने सरळ समांतर रेषा आहेत, एका जाडीच्या आणि एका अंतराच्या. चोळल्यावर कापराचा पुसट पण ओळखू येईल असा वास आला. म्हणजे वनवाटा यांच्या सांगण्याप्रमाणे त्या हाडाच्या नसून सेल्युलॉइडच्या आहेत. पात्यांवर राजा-राणीची अक्षरे नाहीत. चहाच्या चमच्यासाठी आता पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवला आहे. त्याच मुठीच्या दोन सुऱ्या शोधू का?

वनवाटा

कायद्याची काळजी मिटली, पण दुसरी सुरू झाली. जुने सेल्युलॉइड कुजताना आम्लयुक्त वाफ सोडते आणि ती वाफ बंद पेटीत कोंडली की शेजारच्या धातूला खाते. मुठींवर घामासारखा ओलसरपणा, बारीक तड्यांची जाळी किंवा पात्याच्या मुळाशी हिरवा थर दिसतो आहे का?

निळी मखमल

एका सुरीच्या मुठीला पात्याजवळ तड्यांची जाळी आहे आणि तेथल्या धातूच्या कड्यावर हिरवट डाग आहे. इतर तीन कोरड्या आणि गुळगुळीत आहेत.

वनवाटा

तर ती एक सुरी आजच वेगळी करा, आणि उरलेल्या तीनही पेटीबाहेर हवेशीर, थंड जागी, प्रकाशापासून दूर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या जवळ ठेवू नका. डेझर्टच्या सहा सुऱ्यांच्या मुठीही त्याच असणार, त्या तपासा.

गारपीर

मी पेटी तशीच जपावी म्हणालो होतो, पण या माहितीनंतर सर्व नग एकत्र ठेवणे म्हणजे काटे-चमच्यांचे नुकसान करणे होईल. सुऱ्या वेगळ्या ठेवण्यास माझी पूर्ण संमती आहे. चहाचा चमचा तुम्ही आणावा, त्यालाही आता माझी हरकत नाही, फक्त तो बाहेरून आलेला आहे याची नोंद पेटीत असावी. पुढे ही पेटी ज्याच्या हाती जाईल त्याला अस्सल कोणता आणि भरतीचा कोणता हे कळले पाहिजे.

मुठेकाठी

गारपीर यांच्याशी सहमत. चमच्यावर काही कोरू नका. साध्या कागदावर पेन्सिलीने लिहा: कोणता नग, कुठे घेतला, कोणत्या वर्षी, आणि तो कागद मखमलीच्या तबकाखाली सरकवून ठेवा. शाईने लिहू नका, दमट हवेत ती फुटते आणि मखमलीला डाग पडतो. सुऱ्यांची जागा सध्या रिकामी राहू द्या. त्याच घाटाच्या, पण मुलाम्याची मूठ असलेल्या सहा सुऱ्या एकगठ्ठा मिळाल्या तर त्या घ्या. सेल्युलॉइडच्या मुठीची आणखी एकही सुरी पैसे देऊन घरात आणू नका.

निळी मखमल

तसेच करते. डेझर्टच्या सुऱ्यांवरही त्याच समांतर रेषा आहेत, तडे नाहीत. दहाही सुऱ्या मलमलीत सुट्या गुंडाळून वरच्या उघड्या फळीवर ठेवल्या आहेत, तडा गेलेली वेगळ्या टोकाला. या रविवारी सकाळी साचा घेऊन जुन्या बाजारात जाणार आहे, कुणाला सोबत यायचे असेल तर कळवावे.

कसब्यातला

मी येतो. कोरीव अक्षरांचा एखादा सुटा वस्तरा नजरेस पडला तर मलाही हाक मारा.